जुन्या आवृत्तीची दुरुस्ती

अंधांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्याने लिहिलं आणि सगळ्यांना फुकट दिलं. पुढे घर चालेना, तेव्हा त्याने ते वापरणाऱ्या कंपन्यांशी करार केला: नवी आवृत्ती सर्वांना फुकट, जुनीची दुरुस्ती फक्त पैसे भरणाऱ्यांना.

एका दुपारी एका अंध शिक्षिकेचा फोन आला. "दादा, तुमचं सॉफ्टवेअर एकदम मुकंच झालंय. नवं माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर चालत नाही."

दुरुस्ती त्याच्यासमोर तयार होती. "ताई, मला ती देता येत नाही," तो कसंबसं म्हणाला.

"पण तुम्हीच लिहिलंय ना?"

त्याने समोरची दुरुस्तीची फाइल बंद केली.

"असू दे. पोरांनी मेलवर पाठवलेले निबंध शेजारणीकडून वाचून घेईन," म्हणत तिने फोन ठेवला.

बायकोने विचारलं, "कोण होतं?" "राँग नंबर," तो म्हणाला. त्यानंतर अनोळखी फोन उचलणंच त्याने सोडून दिलं.