म्हाळसा सिस्टरचा ऑर्केस्ट्रा

म्हाळसा सिस्टरची ड्यूटी असली की प्रसूतिगृहातल्या आतल्या खोलीतून ओरडण्याबरोबर गाणंही ऐकू यायचं. पहिलटकरणींना ते आधी विचित्र वाटायचं. पण म्हाळसाचं गाणं कळेच्या मागोमाग चालायचं. कळ आली की आवाज चढायचा, कळ ओसरली की उतरायचा. शब्द तर ती समोरच्या बाईकडे बघून तिथल्या तिथे जुळवायची. सासू कजाग असेल तर सासू गाण्यात यायची, नवरा बाहेर बिड्या ओढत बसला असेल तर तोही यायचा. कळांनी बेजार झालेली बाई मध्येच खुदकन हसली की म्हाळसा म्हणायची, "हसलीस न्हवं? आता लाव जोर!"

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती सांगोल्याकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. तिची आई आणि मावश्या लोकर विंचरता विंचरता असंच काहीबाही जुळवत बसायच्या. नर्सिंग शिकून ती सोलापुरात आली, तेव्हा ती सवयही तिच्याबरोबर आली.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. एका दुपारी दुधनीच्या शिवयोगीची बायको गिरिजा बाळंतपणासाठी आली. शिवयोगीचा स्वतःचा ऑर्केस्ट्रा होता. लग्नं, जत्रा, गणपती, सगळीकडे त्याला बोलावणं असायचं. तो व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होता आणि आत म्हाळसानं सूर लावला :

"गिरिजाच्या बाळा, आता ये रं भायेर,
बाजेवाला बाप तुजा उबा दारावर."

बाळ आलं. मुलगी झाली. शिवयोगीनं पोरीचं तोंड बघितलं, पेढे वाटले आणि तिसऱ्याच वाक्याला मुद्द्यावर आला.

"अक्का, भाळ छलो, लई झकास आवाज हाय तुमचा. माझ्या ऑर्केस्ट्रात या. हितं सुया टोचत काय बसलाय?"

म्हाळसा हसली आणि बाळाला अंघोळ घालायला निघून गेली.

पण तिचा नवरा बिरदेव हसला नाही. तो अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात होता. संध्याकाळी सायकल भिंतीला टेकवतानाच त्याला ही बातमी कळली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या पाळीला त्यानं ती सांगून टाकली.

"अगं, तुजं नाव पोस्टरवर यील की! कुमारी म्हाळसा म्हनून."

"अवं, दोन पोरांची आई मी. कुमारी कशी हुईन?"

"पोस्टरवर चालतंय."

कुणी आपलं गाणं एवढं मनावर घेतलं याचं म्हाळसालाही बरं वाटलं होतंच. तिनं रजा टाकली. बिरदेवनं तिच्यासाठी चमचमीत साडी आणि स्वतःसाठी नवा शर्ट आणला.

पहिला कार्यक्रम अक्कलकोटला. स्टेजवर उभी राहिल्यावर म्हाळसाच्या लक्षात आलं, की समोरचं काहीच दिसत नाही. दिव्यांचा नुसता लखलखाट आणि पलीकडे अंधार. तिला तर गाण्यासाठी कुणाचं तरी तोंड दिसायला हवं होतं. शेवटी बाजूला बसलेला तबलजी दिसला. त्यानं नेमकी तेव्हाच भलीमोठी जांभई दिली. म्हाळसानं ती जांभई गाण्यात घेतली, तिच्यामागोमाग त्याच्या जेवणाचं ताट घेतलं आणि ताटातली शेंगाचटणीही घेतली. लोक पोट धरून हसले. तबलजी मात्र समेवर यायचं विसरला, ॲकॉर्डियनवाला तिसरीकडेच गेला आणि गाणं कसंबसं थांबलं.

"अक्का, झकास झालं," शिवयोगी घाम पुसत म्हणाला, "पण असं न्हाय चालत. मंडळींना कळाय पाहिजे की पुढं काय येणार. ते गिरिजाचं गाणं घ्या. बसवून टाकू पक्कं."

त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. दहा माणसांना एकदम वाजवायचं तर सगळ्यांना रस्ता ठाऊक हवाच. म्हाळसानं गाणं पाठ केलं. कुठे थांबायचं, कुठे हात वर करायचा, सगळं ठरलं. पुढच्या कार्यक्रमांत ते अगदी तसंच्या तसं झालं. टाळ्या पडल्या, वन्समोअर आले. वन्समोअरलाही तसंच्या तसं. बिरदेव पहिल्या रांगेत नवा शर्ट घालून सगळ्यात आधी टाळ्या वाजवायचा.

रजा संपली. शिवयोगी म्हणाला, "आता नोकरीचा राजीनामाच द्या. सीझन तोंडावर आलाय."

"सांगते," म्हाळसा म्हणाली आणि ड्यूटीवर गेली.

त्या सकाळी केराबाई नावाची पोरगी अडली होती. घाबरून तिनं खाटेची दांडी घट्ट धरली होती. म्हाळसा तिच्या उशाशी गेली, तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि गायला लागली :

"गिरिजाच्या बाळा, आता ये रं भायेर..."

वर तिचा हातही ठरल्याप्रमाणे उंच गेला.

केराबाईनं कळ अर्ध्यात गिळली. "सिस्टर," ती धापा टाकत म्हणाली, "ही गिरिजा कोन?"

म्हाळसाचा हात तसाच वर राहिला. दुसरं काही आठवेना. केराबाईकडे तिनं पुन्हा नीट बघितलं. पोरीच्या एका हातात हिरव्या बांगड्या होत्या, दुसऱ्या हातातल्या दांडी आवळता आवळता फुटल्या होत्या. मग कुठे आतून एक ओळ हलली. फुटक्या बांगड्यांवरून गाणं निघालं ते कासाराच्या दुकानातून केराबाईच्या माहेरापर्यंत गेलं. सूर दोनदा घसरला. केराबाई रडता रडता हसली, आणि दुपारच्या आत तिला धडधाकट पोरगा झाला.

त्या संध्याकाळी शिवयोगी उत्तर ऐकायला घरी आला.

"न्हाय जमायचं मला," म्हाळसा म्हणाली.

"आमचं काय चुकलं का?"

"तुमचं कायबी न्हाय चुकलं. तुमचा तो धंदा हाय, तुमी नीट करताय. माजं पोट माज्या कामावर भरतंय. गानं मला माज्या मनासारखं पायजे. रोज नवं, न्हायतर न्हाईच."

रात्री बिरदेव जेवायला बसला. भाकरी मोडताना एवढंच म्हणाला, "पाळीला काय सांगू मी?"

"सांगा, बायकू लई मिजासखोर हाय."

बिरदेवला हसू आवरलं नाही आणि ठसका लागला.

शिवयोगी मनाचा मोठा. महिनाभरानं तो एक जुनी पेटी घेऊन आला. दोन पट्ट्या अडकत होत्या, म्हणून ऑर्केस्ट्रात ती पडूनच होती. "वाजवा घरी," तो म्हणाला आणि सा कुठला ते दाखवून गेला.

म्हाळसाला पेटी अजिबात येत नव्हती. भाता मारायला गेली की बोटं थांबायची, बोटं चालली की भाता राहायचा. सुट्टीच्या दिवशी पोरं बाहेर पिटाळून ती पेटी घेऊन बसायची. बिरदेव शेजारी बसून मांडीवर ताल धरायचा आणि तोही चुकायचा.

एका रविवारी भिंतीपलीकडून शेजारच्या बजाबाईनं हाक मारली, "सिस्टर, सगळं बरं हाय न्हवं? कुनाला दुखतंय का काय?"

"न्हाय वो बजाक्का," म्हाळसा ओरडून म्हणाली, "आमी गातोय!"

आणि तिनं भाता पुन्हा ओढला.