घासून काढलेली कल्हई

चकाकतं तेच स्वच्छ, हे तुम्हांला कुणी शिकवलं? धातूंचे गुणधर्म पाठ करून मार्क मिळवलेत आणि स्वयंपाकघरात शिरताना ते उंबऱ्याबाहेर चपलांशेजारी ठेवलेत. मला खरवडून काढलंत, वर फोटोही काढलेत.

मी कल्हई बोलतेय. पुस्तकात मला कथील म्हणतात. तांब्याच्या पातेल्याच्या आत पसरलेली, कागदाहून पातळ पांढरी साय, एवढीच मी.

माझा जन्म फोंडाघाटातला, किशोरीच्या, म्हणजे मला खरवडणाऱ्या बाईच्या, माहेरच्या अंगणात. लवू कल्हईवाल्यानं भाता मारून निखारे फुलवले, पातेलं तापवलं, नवसागर टाकला. पांढरा धूर उठला. माझी कांडी टेकवली तशी मी पाण्यासारखी वितळले. तेवढ्या आचेला तांबं साधं मऊही पडलं नाही. लवूनं कापसाच्या बोळ्यानं मला गरगर फिरवलं आणि किशोरीच्या आईला बजावलं, "तांब्याक आंबट सोसणा नाय. ही पांढरी गेली की माका हाक मार."

तिनं दरवर्षी मारली. तांबं झटकन तापायचं, आच सगळीकडे सारखी न्यायचं, तो त्याचा गुण. कोकमाच्या सोलांच्या आंबटाशी न भांडणं, हा माझा. दोघांनी मिळून किती बांगडे शिजवले असतील, देव जाणे.

आई गेल्यावर पातेलं किशोरीबरोबर तारकर्लीला आलं. ती इथं होमस्टे चालवते. कष्टाळू बाई, बारावी सायन्स झालेली. पाहुण्यांना जुनी भांडी आवडतात हे तिनं हेरलं. सोलं आणि मीठ चोळून तिनं पातेलं बाहेरून लखलखीत केलं, तिथवर ठीक होतं. मग तिनं आत पाहिलं. मी तिला करडी, मळकट दिसले. तारेची घासणी घेऊन ती तीन दिवस माझ्यावर तुटून पडली. मी मऊ धातू, किती टिकणार? आतून तांबूस लाली उजळली तेव्हा तिनं हौसेनं फोटो काढला. मी उरले काठाखाली, नखाएवढी.

त्यानंतरचे पहिले पाहुणे आले. बारा माणसं, त्यांत चार मुलं. सकाळी नऊलाच तिनं त्या पातेल्यात सोलकढी करून ठेवली. बाहेरून चोळलं तर तांब्याला झळाळी देणारं सोल आत तासन्‌तास राहिलं की तेच तांबं विरघळवून रसात ओढतं. मला सगळं कळत होतं. पण नखाएवढी मी कुणाकुणाला अडवणार?

दुपारी ताटं मांडली. भाकऱ्या भाजायला आलेली शेजारीण फेलिसिदाद कढीत ओगराळं बुडवता बुडवता थांबली.

"किशोरी, आतली कल्हई खंय गेली गो?"

"ती पांढरी घाण? घासून काढलंय. तीन दिस लागले माका."

"घाण? ती होती म्हणान तुझ्या आवशीचा जेवाण लोकांच्या पोटात ऱ्हवला."

किशोरी चिडली. पाच नारळांचा रस होता आणि पाहुणे पानावर बसले होते. काही होत नाही हे दाखवायला तिनं चमचाभर कढी तोंडात घेतली. जुनं नाणं चघळावं तशी चव. ती मोरीकडे धावली, थुंकली, आणि परत येताना तिची नजर मुलांच्या ताटांवर गेली. मग सगळी कढी मागच्या अंगणात ओतून तिनं पाहुण्यांना स्टीलच्या पेल्यांतून ताक दिलं.

लवूला फोन गेला. तो आता सत्तरीचा. वर्षभर कुणी बोलावलं नव्हतं, म्हणून भाता माळ्यावर टाकलेला. तरी दोन एसट्या बदलून आला. मी पुन्हा पातेलंभर पसरले.

तुमच्याकडे मागणं एकच. आंबट ओतण्याआधी भांडं आतून बघा. पांढरं दिसलं तर घासणी खाली ठेवा, आणि लालसर दिसलं तर लवूसारख्या कुणाला तरी शोधा, तो आहे तोवर.

आज नवे पाहुणे आलेत. किशोरी मोठ्या अभिमानानं याच पातेल्यातून सोलकढी वाढतेय. तारेची घासणी अजून मोरीवर तशीच आहे. कोल्हापूरच्या एक बाई वाकून आत, थेट माझ्याकडे बघतायत. किशोरीला ऐकू जाईल अशा आवाजात त्या नवऱ्याला म्हणाल्या,

"आतनं अ‍ॅल्युमिनियमच आहे की ओ. वरनं नुसतं तांबं फासलंय."