दोन्ही डोळे उघडे ठेवून

घूस हा प्राणी आमच्या खात्यासारखा काम करतो. काम करताना तो कुणाला दिसत नाही. एके सकाळी जमीन खचलेली आढळते, आणि मग पोखरायला सुरुवात केव्हा झाली असावी याचा अंदाज बांधत बसावे लागते. मैसूरला जयलक्ष्मीपुरममधल्या आमच्या घरामागे जमीन आधी पेरूच्या बुंध्याशी खचली, मग न्हाणीच्या भिंतीशी, आणि दसरा आटोपल्यावर अक्काच्या खोलीतल्या फरशीखालून खरवडल्याचा आवाज येऊ लागला.

अक्का म्हणजे जानकीबाई, माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी दुपट्यात होतो आणि अक्का कोवळ्या वयात विधवा होऊन माहेरी परतली होती. वडिलांनी मला तिच्या मांडीवर ठेवले आणि स्वतः पुन्हा कचेरीला जायला लागले. मी डावरा होतो. अक्काने माझा डावा हात आपल्या पदराला बांधून मला उजव्या हाताने जेवायला शिकवले. डाव्या हाताचा घास देवाला चालत नाही आणि पितरांनाही, असे तिचे म्हणणे. पुढे लिहायला, शिक्का मारायला, सगळ्याला माझा उजवाच हात पुढे येऊ लागला. मैसूर राज्याचे कर्नाटक झाले त्या वर्षी मी कचेरीतले रबरी शिक्के बदलत बसलो होतो, आणि त्याच गडबडीत माझ्या लग्नाचा कागद कुठल्यातरी फायलीत राहून गेला, असे मी लोकांना सांगत असे. अक्काला ही गंमत आवडत नसे. हसायची मात्र.

गेल्या उन्हाळ्यात ती न्हाणीत पडली, मांडीचे हाड मोडले, आणि तेव्हापासून ती खाटेवरून उठली नाही. झोप नीट लागली तर अजून काही वर्षे सहज काढतील, असे डॉक्टर म्हणाले होते. पण फरशीखाली खरवड सुरू झाली की तिचे डोळे उघडत आणि मग मिटत नसत. "हेग्गण नव्हे रे हे," ती घुशीचे कानडी नाव घेऊन म्हणे, "कुणीतरी माझ्यासाठी उकरतंय." दिवसा ती ग्लानीत असे आणि महिन्याभरात तिचे मनगट, दुधाने भाजल्याचा डाग असलेले, माझ्या दोन बोटांत मावू लागले. मला या जगात दुसरे कोणी नव्हते. घूस मरावी आणि अक्का झोपावी, याहून मोठी इच्छा मी निवृत्तीनंतर बाळगली नव्हती.

अक्काचे सगळे करायला येणारी तुंगा विष घेऊन आली, पण घूस फरशीखालीच मेली तर वास कुठे घेऊन जायचा, हा प्रश्न होता. पिंजरा लावला, त्यात शेजारचे मांजर सापडले आणि शेजाऱ्यांनी आठवडाभर माझ्याशी बोलणे टाकले. ते मला फारसे जड गेले नाही. शेवटी रणोजीराव आपली एअरगन घेऊन आले. हे माझ्या सकाळच्या फिरण्यातले सोबती. हुणसूरकडे त्यांची तंबाखूची शेती आहे आणि आपल्या घराण्यात कुणीतरी वाघ मारला होता, असे ते सांगतात; तो वाघ दरवर्षी थोडा वाढतो. मागच्या पडवीपासून धुण्याच्या दगडापर्यंत दहा-बारा पावले, आणि घूस येते ती दगडाखालच्या बिळातून, तेव्हा एवढ्या अंतरावरून माझ्यासारखा कारकूनसुद्धा चुकणार नाही, असा त्यांनी निर्वाळा दिला. अडचण डोळ्यांची होती. नेम धरायला नळीच्या टोकावर जो बारीक खुंट असतो, तो मला दिसेना. दिसला तर दगड दिसेना.

म्हणून आम्ही बंदुकीवर बसवायची दुर्बीण घ्यायला गेलो. दुकान जुने, कोणे एके काळी साहेबांना काडतुसे पुरवणारे; आता त्यात क्रिकेटच्या बॅटी टांगल्या होत्या आणि एका कपाटात एअरगनचे सामान उरले होते. दुकानदाराने उत्साहाने सर्वांत लांब दुर्बीण काढली, नऊ पट मोठे दाखवणारी. ती डोळ्याला लावून मी समोरच्या शिंप्याच्या दुकानाकडे पाहिले. शिंपी आमच्यासारखाच मराठी, भावसार. भिंतीवर विठ्ठलाची तसबीर होती. नऊ पटींतून मला विठ्ठलाचा कमरेवरचा एक हात तेवढा दिसला, तोही धुरकट.

रणोजीराव म्हणाले, "अहो बिंदुमाधवराव, तुम्हाला घूस मारायची की तिच्या मिशा मोजायच्या? सुम्ने, उगाच मोठं कशाला घेता? लहान दाखवा हो."

लहान दुर्बीण बोटभर आखूड होती. ती जेमतेम दीड पट दाखवी, कडे फिरवले तर चार पट. तिच्यातून पूर्ण विठ्ठल दिसला, खाली शिंपी, त्याचे मशीन, मशीनवर निळी पँट, आणि सगळ्यावर दोन बारीक काळ्या रेघांची फुली. मोठ्या दुर्बिणी लांबच्या निशाणासाठी केलेल्या, जवळचे त्यांना पुसट दिसते आणि आजूबाजूचे दिसतच नाही. हिचे तसे नाही, असे आता दुकानदाराचे म्हणणे पडले. मी सवयीने डावा डोळा मिटला होता. त्याने माझ्या खांद्याला हात लावला.

"दोन्ही डोळे उघडे ठेवा, सर. एका डोळ्यानं दुर्बिणीतलं बघायचं, दुसऱ्यानं जगातलं. दोन्ही एकमेकांवर आपोआप बसतं."

घरी आल्यावर मी दगडावर कॉफीपुडीचा रिकामा डबा ठेवून तासभर सराव केला आणि शेवटी डब्याला भोके पडू लागली. रणोजीरावांनी शाबासकी दिली आणि वाघाची गोष्ट पुन्हा सांगितली.

त्या संध्याकाळी मी पडवीत खुर्ची टाकून, कठड्यावर बंदूक टेकवून बसलो. आमचे रात्रीचे जेवण दिवेलागणीआधीच आटोपते. तुंगा अक्काला पेज पाजून घरी गेली होती. उजेड अजून होता. मी दुर्बिणीला डोळा लावला. पेरूची पाने, न्हाणीची भिंत, धुण्याचा दगड, त्याच्या कडेचे शेवाळ, सगळे जवळ येऊन नीट बसले. आणि दगडावर, फुलीच्या किंचित उजवीकडे, भाताच्या चार लहान मुदी ओळीने ठेवलेल्या दिसल्या. वर तुपाचा थेंब चकाकत होता.

त्या काय आहेत हे मला ओळखावे लागले नाही. जेवायला बसताना पानाभोवती पाणी फिरवून उजव्या बाजूला भाताच्या चित्राहुती घालायच्या, ही आमच्या घरची रीत. माझा विश्वास नव्हता. पण अक्काच्या समाधानासाठी मी जन्मभर त्या घातल्या. जेवण झाले की ती त्या उचलून मागच्या दगडावर नेऊन ठेवी, कुणा जीवाचे पोट भरू दे म्हणून. ती अंथरुणाला खिळली तेव्हापासून मी त्या घालायचे सोडून दिले होते. बघणारे कुणी नव्हते.

डाव्या डोळ्याला दगड रिकामा दिसत होता.

मी दुर्बीण पुसली, पुन्हा पाहिले, मग उठून दगडापर्यंत गेलो. दगड कोरडा होता, दिवसभराच्या उन्हाने अजून कोमट. एक मुंगीसुद्धा नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. वयाच्या मानाने डोळे उत्तम, आणि दोघांत उजवा अधिक भरवशाचा, असे त्यांनी सांगितले. परतल्यावर तुंगाला विचारले, मागे भात कुणी टाकला होता का. तुमचा उरलेला भात ताटातच राहतो, तो मी मागे कशाला टाकू, असे तिने उलट ऐकवले. मग अक्काच्या खाटेशी बसून मी थट्टेच्या सुरात म्हणालो, "अक्का, दगडावर भात कोण ठेवतं गं?"

"मी नाही तर कोण?" तिने डोळे न उघडता म्हटले. "रोज ठेवते की. जेवताना लक्ष कुठे असतं तुझं."

म्हाताऱ्या माणसांना जुने दिवस आणि आजचे दिवस यांतली भिंत पातळ होते, हे मी ऐकून होतो. मी तिच्या अंगावरची चादर सारखी केली आणि तो विषय तेथेच मिटवला. कारकुनाला विषय मिटवता येतो.

संध्याकाळी घूस आली. आधी बिळाच्या तोंडाशी माती हलली, मग ते राखाडी धूड बाहेर येऊन दगडावर चढले. डाव्या डोळ्याला ती रिकाम्या दगडावर उगाच तोंड हलवताना दिसली. उजव्याला ती भात खाताना दिसली. फुली तिच्या कानामागे बसली होती. फरशीखालचा तो आवाज, अक्काचे उघडे डोळे, तिचे मनगट, सगळे माझ्या मनात होते. मी चाप ओढला.

चाप सुटला त्याच क्षणी दुर्बिणीत उजवीकडून एक हात आला. सावकाश, भाताची शेवटची मूद ठेवायला यावा तसा. बांगडी नसलेला, मनगटावर दूध उतू जाऊन भाजल्याचा तोच जुना डाग. फुली आणि घूस यांच्या मध्ये तो हात होता.

डाव्या डोळ्याने पाहिले ते एवढेच, की दगडाचा टवका उडाला आणि घूस बिळात गेली.

आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मी धावत गेलो. अक्काचे पाणी प्यायचे फुलपात्र जमिनीवर लवंडले होते आणि ती आपल्या उजव्या हाताकडे बघत होती, दुसऱ्या कुणाचा तरी हात आपल्या अंथरुणात राहून गेला आहे, अशा नजरेने.

"काय झालं, अक्का?"

"लागलं रे," ती म्हणाली.

हातावर काही नव्हते. मी दिव्याखाली धरून पाहिला, पालथा करून पाहिला. डॉक्टर आले आणि अर्धांगाचा लहानसा झटका आहे, या वयात असे होते, असे म्हणाले. केव्हा झाले, असे त्यांनी विचारले. मी फुलपात्र पडले ती वेळ सांगितली; त्याआधीचे काही सांगितले नाही, आणि सांगितले असते तरी त्यांच्याकडे ते लिहायला जागा नव्हती. सकाळी दगडाच्या फटीत चपटा झालेला छर्रा सापडला. तो मी खिशात घातला आणि नंतर कुठे ठेवला ते आठवत नाही.

घूस पुन्हा आली नाही. फरशीखालचा आवाज थांबला, अक्काला रात्रभर झोप लागू लागली, आणि मला हवे होते ते मिळाले. बंदूक मी रणोजीरावांना परत केली. दुर्बीण तेवढी काढून घेतली. ती माझ्या पैशांची होती, असे मी त्यांना म्हणालो. त्यांनी त्या दिवशी वाघ काढला नाही.

अक्काचा उजवा हात परत आला नाही. डाव्या हातात तिने घास घेतला नाही, तुंगा भरवू लागली की ती तोंड फिरवी, म्हणून मी भरवू लागलो. एकदा घास चावून झाल्यावर तिने मागच्या दाराकडे पाहिले.

"आता दगडावर कसं ठेवू रे मी?"

"मी ठेवीन," मी म्हणालो.

त्या दिवसापासून मी चित्राहुती घालू लागलो, आणि जेवण झाले की त्या नेऊन दगडावर ठेवू लागलो. खाटेवरून तिला मागचा दरवाजा दिसे. मी परत येईपर्यंत ती जागी राही, मग डोळे मिटी. दुर्बीण कपाटात होती. मी ती काढली नाही.

मार्गशीर्षात, दुपारी, मी तिला भात कालवून देत असताना ती गेली. दहाव्याला कावळ्याने पिंडाला लगेच चोच लावली. कुणाला ताटकळत ठेवणे अक्काच्या स्वभावात नव्हते. भटजींना दुसरीकडे जायचे होते, त्यांनाही बरे वाटले.

तेरावे झाले, माणसे गेली, तुंगा भांडी घासून, डोळे पुसून गेली. मी एकटा पानावर बसलो. पाणी फिरवले, चार मुदी घातल्या, तूप सोडले. जेवण मात्र झाले नाही. हात धुतल्यावर मुदी उचलून दगडापर्यंत जायचे होते. पण खाटेवर वाट बघणारे आता कुणी नव्हते. मुदी पानातच राहिल्या.

मी पडवीत येऊन खुर्चीत बसलो. उजेड अजून होता. बऱ्याच वेळाने उठून मी कपाटातली दुर्बीण आणली आणि उजव्या डोळ्याला लावली. डाव्या डोळ्याला पेरू, न्हाणीची भिंत आणि टवका उडालेला रिकामा दगड दिसत होता. मग, दुकानदाराने बजावले होते तरी, मी डावा डोळा मिटला.

अक्का दगडाशी बसली होती, माझ्याकडे पाठ अर्धी वळवून. तीन मुदी ठेवून झाल्या होत्या. उजवा हात तिने पदराने कमरेशी बांधून घेतला होता, लहानपणी माझा बांधायची तसा, आणि चौथी मूद ती डाव्या हाताने ठेवत होती.