बोटं दिसली पाहिजेत

परदेशातल्या त्या कारखान्यात आपल्या भाषेच्या सगळ्या बायका तिला काकू म्हणत. वयाने ती फार मोठी नव्हती, पण इथे सर्वांत आधी आलेली तीच. शर्टाच्या कॉलरी शिवायचं काम तिच्याकडे होतं. शेजारच्या मशीनवर बाह्या जोडणारी मुलगी बसायची. तिचं तोंड दिवसभर चालू, म्हणून तिचं नाव चिमणी पडलं होतं. दोघी एकाच खोलीत राहायच्या.

एके सकाळी दोन्हीकडच्या भाषा येणाऱ्या मुकादमाने प्रत्येकीच्या हातात कपाळाला बांधायचा पट्टा दिला. पट्ट्यावर बोराएवढा कॅमेरा.

"बाकी नेहमीसारखंच काम करायचं," तो म्हणाला. "तुमचे हात बघून एक यंत्र शिवणकाम शिकतंय."

"म्हणजे आम्ही मास्तरणी झालो की!" चिमणी म्हणाली. "मग खुर्ची तरी मऊ द्या."

सगळ्या हसल्या. मुकादमही हसला. दुपारपर्यंत हसू ओसरलं. मान खाजवावी तरी कोणीतरी बघतंय असं वाटायचं. संडासात जाताना पट्टा काढता यायचा, पण काढला की वेळ मोजायला सुरुवात व्हायची. चिमणीसुद्धा हळूहळू गप्प झाली. कॅमेऱ्याला कान आहेत का, हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं.

काही दिवसांनी वरून निरोप आला, की चित्रात बोटं नीट दिसत नाहीत. सुईपुढे बोट जाऊ नये म्हणून प्रत्येक मशीनला तारेची छोटी जाळी असते, ती आड येत होती. मुकादम पाना-पेचकस घेऊन रांगेतून फिरला आणि सगळ्या जाळ्या काढून पिशवीत भरल्या.

"साहेब, हात गेला तर?" काकूने विचारलं.

"इतकी वर्षं शिवतेस ना? सांभाळून शिव."

त्याच आठवड्यात चिमणी किंचाळली. सुई नखातून आरपार जाऊन हाडात मोडली होती. काकूने मशीन बंद केलं, चिमणीचं डोकं पोटाशी धरलं आणि तिला पुढचं काही बघू दिलं नाही. काकूचा स्वतःचा कॅमेरा मात्र सगळं बघत होता. ते चित्र कंपनीच्या ताब्यात गेलं आणि परत कधी कुणाला दिसलं नाही.

दवाखान्यातून खबर सरकारात गेली, म्हणून कामगार खात्याच्या निरीक्षक बाई येणार होत्या. त्या येण्याआधी जाळ्या जागेवर आल्या. मुकादम काकूच्या मशीनपाशी थांबला.

"पोरगी बडबडत होती, लक्ष नव्हतं. बरोबर ना?"

काकू कॉलर शिवत राहिली.

"तुझ्या परवान्यावर कंपनीचं नाव आहे," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "इथली नोकरी गेली तर दुसरीकडे काम करता येत नाही. परत जावं लागतं. तुला माहीतच आहे."

तिला माहीत होतं. नवऱ्याची कंबर कामातून गेल्यापासून घर तिच्याच दोन हातांवर होतं.

निरीक्षक बाई तरुण होत्या, चेहऱ्याने बऱ्या वाटत होत्या. आपली भाषा त्यांना येत नव्हती. त्यांनी मोबाइल पुढे धरला. त्यात बोललं की तो त्यांच्या भाषेत सांगायचा. समोर चिमणी उभी होती, हात गळ्यात अडकवलेला. ती काकूकडे बघतही नव्हती. कदाचित मुद्दामच. काकूला तेच सोसलं नाही.

"त्या दिवशी जाळी नव्हती," ती म्हणाली.

मोबाइल काहीतरी बोलला. बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. मुकादम फसकन हसला. मोबाइलच्या बोलण्यात 'मासे' हा शब्द होता, तेवढा काकूला बाजारामुळे कळत होता. जाळीचं जाळं झालं होतं!

"घाबरलीय बिचारी," मुकादम बाईंना म्हणाला असावा.

काकूने खणातून पेचकस काढला, स्वतःच्या मशीनची जाळी सोडवली आणि बाईंच्या हातात ठेवली. कपाळावरच्या कॅमेऱ्याकडे बोट केलं, मग बोटांकडे, मग मुकादमाकडे. शेवटी उघड्या सुईखाली स्वतःचं बोट नेऊन धरलं. बाईंनी पटकन तिचा हात मागे ओढला. त्यांना समजलं होतं.

चौकशी झाली. जाळ्या कायमच्या बसवाव्या लागल्या. चिमणीच्या उपचाराचा खर्च कंपनीने केला आणि हात बरा व्हायच्या आत तिला गावी पाठवलं. काकूला कुणी काढलं नाही. साक्ष देणारीला काढता येत नव्हतं. तिला फक्त वरच्या मजल्यावर हलवलं. तिथे एक खोली, एक मशीन, एक कॅमेरा. खिडकी होती, पण ती उघडायची नव्हती, उजेड बदलतो म्हणून. तीच कॉलर शिवायची, उसवायची, पुन्हा शिवायची. यंत्राला कॉलरीचं टोक अजून जमत नव्हतं. जमलं की तिची गरज संपणार, आणि तोवर तिला कुठे जाता येणार नव्हतं. पलीकडच्या गल्लीतला एक शिंपी तिला कामावर घ्यायला तयार होता. परवान्यात ते बसेना.

एका सुट्टीच्या दिवशी चिमणीचा फोन आला.

"काकू, बोट वळतच नाही बघा. शिवणकाम सुटलं माझं." मग म्हणाली, "धाकट्या बहिणीला पाठवतेय. त्याच एजंटाकडून, तिथेच."

"वेडी आहेस का? नको पाठवू!"

"सही झालीय. विमान परवाचं आहे. घरात दुसरं कोण आहे कमावणारं? तुम्ही आहात, म्हणून तर धीर केला."

तेवढ्यात पलीकडे फोन हिसकावल्याचा आवाज झाला आणि एक नवा, उतावळा आवाज कानावर आला.

"काकू, मी धाकटी! तिकडे थंडी असते का हो? स्वेटर घेऊ का?"

काकूने डोळे मिटले.

"घे," ती म्हणाली. "जाडसा घे."