पाच फेऱ्या आणि एक तुटलेली कड

मी एक जुना नाल आहे. घोड्याच्या टापेचा नव्हे हं, मित्रांनो! मी तालमीतला नाल. चामुंडीच्या टेकडीच्या पायथ्याशी एका पाथरवटाने मला घडवले. गोल दगड, मधे पोकळ, आत आडवी मूठ, वजन सव्वा मण. म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यातल्या तालमीत, म्हणजे आमच्या गरडीत, मी आलो तेव्हा राजवाड्यात विजेचे दिवे नुकते लागले होते.

गरडीचे वस्ताद मानाजीराव. त्यांचा नियम कडक. मला अकरा वेळा डोक्यावर उचलायचे, दम घ्यायचा, पुन्हा अकरा. अशा रोज पाच फेऱ्या. प्रत्येक फेरी मारुतीच्या नावाने, म्हणून एकही गाळणे म्हणजे पाप.

शंभूराव त्यांचा लाडका शिष्य. दोन लेकरांचा बाप, पागेत मोतद्दार. त्याचे आजोबा-पणजोबा घोड्यावर बसले, हा मात्र घोड्यांना खरारा करी. ही सल त्याला फार होती. दसऱ्याआधी घोडदळाचे जमादार गरडीत येणार होते. जो मला नीट उचलील त्याला घोडदळात जागा.

दिवसभर पागेत राबून शंभूराव संध्याकाळी पाच फेऱ्या काढी. मला हात कळतात. पहिल्या फेरीत त्याची मूठ घट्ट असे, तिसरीपासून तो नुसता आकडा पुरा करी. एके दिवशी पाचव्या फेरीत मी निसटलो. माझी कड उडाली आणि त्याचा खांदा सुजला. मला राग आला, खोटे कशाला सांगू? आणि हा शहाणा म्हणतो, "फेरी मोडली. उद्यापासून सात!"

दुसऱ्या दिवशी त्याची बायको सुमित्राबाई गरडीच्या दारात उभी राहिली. बायका आत येत नसत.

"साकु! आता पुरे, मामा," ती कानडी मिसळून वस्तादांना म्हणाली. "नाचणीच्या मुद्द्याचा घास तोंडाशी नेता येईना ह्यांना. तुम्ही पाच फेऱ्या काढत होता, तवा दिवसा काय काम करत होता?"

वस्ताद विचारात पडले. "काम? काय नाय की गं. जेवायचं नि निजायचं."

"मग? हे तीस घोडे घासून येतात. मारुतीला एका फेरीत ऐकू येत नाय काय?"

वस्ताद ओशाळून हसले. पंधरा दिवस त्यांनी शंभूरावाला मला शिवू दिले नाही. मग एक दिवसाआड एकच फेरी. "पण शेवटच्या उचलीपर्यंत जीव लाव," ते बजावत. दिवसभर गरडीतच असणारे पोरगे पाचच फेऱ्या काढीत आणि त्यांना त्या मानवतही. शंभूरावाला मात्र भीती वाटे, एका फेरीने काय होणार? मला नव्हती. त्याची मूठ दर आठवड्याला घट्ट होत होती.

जमादार आले. शंभूरावाने मला अकरा वेळा उचलले आणि मग दोन्ही हातांनी अलगद मातीवर ठेवले. त्याआधीच्या चौघांनी मला आपटले होते.

"जनावर ह्याच्याच हाती द्यायचं," जमादार म्हणाले.

मित्रांनो, मला जरूर उचला. किती वेळा, ते तुमच्या दिवसभराच्या कामाला विचारून ठरवा. पण खाली ठेवण्याइतके बळ राखून ठेवा. दर आयुधपूजेला शंभूराव घोड्यावरून उतरून गरडीत येतो आणि माझ्या तुटलेल्या कडेला पहिले कुंकू लावतो.