रिलीव्हर आला नाही

"सांगतो ते तुला पटायचं नाही," शिवाजीकाका म्हणाले आणि त्यांनी बशीतला चहा फुंकून प्यायला. "आजवर ज्याला ज्याला सांगितलं, त्यातल्या एकालाही पटलेलं नाही. आणि अजून मी कोणाला सांगितलेलंही नाही."

प्रियदर्शिनीने आईच्या साडीची घडी घातली आणि ती पलंगावरच्या उघड्या बॅगेत ठेवली. बॅग तिने पुण्याहून रिकामीच आणली होती.

"काका, मी साधं विचारलं. काल सकाळी आईचा फोन तुमच्या हातात कसा?"

प्रश्न साधा होता हे खरं. काल उजाडता उजाडता तिने आईला व्हिडिओ कॉल लावला, तर पडद्यावर आईऐवजी शिवाजीकाकांच्या नाकपुड्या आल्या. मग खांद्यावरचा टॉवेल, बनियन, तोंडात काळं मंजन. "वहिनी उठायच्या आहेत," असं त्यांनी त्या मंजनातूनच सांगितलं आणि फोन उलटा धरून बंद केला. शिवाजीकाका इथेच सालवडमध्ये, दोन गल्ल्या पलीकडे राहतात. स्वतःचं घर, स्वतःचा नळ आणि स्वतःचा आरसा असलेला माणूस दुसऱ्याच्या पडवीत दात घासत उभा असेल, तर त्याला काहीतरी कारण हवं.

कारण शिवाजीकाकांकडे कायमच असतं.

"रिलीव्हर आला नाही," ते म्हणाले.

आतल्या खोलीत खुर्चीवर बसून तिची आई, सुगंधाबाई, भिजवलेले वाल सोलत होत्या. सोललेला प्रत्येक दाणा परातीत टप् करून पडत होता. तो आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

रिलीव्हर हा शब्द प्रियदर्शिनी लहानपणापासून ऐकत आली होती. तिचे बाबा आणि शिवाजीकाका इथल्याच एका केमिकलच्या कारखान्यात, एकाच बॉयलरवर. शिफ्ट संपली म्हणून उठून चालू लागायचं नाही, हा तिथला पहिला नियम. बदलीचा माणूस समोर येऊन उभा राहिला, त्याला चार्ज दिला, मगच पाय उचलायचा. तो आला नाही तर थांबायचं, कारण बॉयलर काही आपल्या घरी जात नाही. सुगंधाबाई तेव्हा सडाफटिंग कामगारांची खानावळ चालवायच्या. कोणी असा डबल शिफ्टला अडकला की त्याचा डबा गेटवर पोचता करायच्या.

गेल्या गणपतीत त्या न्हाणीत घसरल्या. हाड वाचलं, पण लेकीचा धीर गेला. ती न्यायलाच आली होती, तेव्हा खानावळीत जेवलेले जुने गडी पडवीत गोळा झाले आणि त्यांनी शिफ्टा लावल्या. सकाळ शेजारच्या रंभाबाईंची, अंघोळ आणि न्याहारी त्यांच्याकडे. दुपारपासून रात्रीचं जेवण होईपर्यंत शिवाजीकाका. तिथून उजाडेपर्यंत देवू, पडवीतल्या बाजेवर. न्हाणीच्या उंबऱ्याला पिवळे-काळे पट्टे रंगवले गेले, भिंतीला पाइपचा कठडा लागला, सुगंधाबाईंच्या गळ्यात शिट्टी आली. आणि शिफ्ट बदलताना रीतसर चार्ज: गोळी झाली, पाणी कमी प्यायल्या, गुडघ्याचे व्यायाम निम्मेच केले, एकदा चिडल्या.

"दोनदा," असं सुगंधाबाई आतून दुरुस्त करायच्या.

संध्याकाळी पत्ते होत. त्या उघड उघड लबाडी करून जिंकत, आणि जिंकल्या की पूर्वीसारख्या मोठ्याने हसत. ते हसू फोनवर ऐकलं म्हणून तर प्रियदर्शिनी पुढेही राजी राहिली होती. अट मात्र एकच घातली होती तिने. आई एकटी राहता कामा नये, एक रात्रसुद्धा नाही.

"तर परवा धुकं पडलं," शिवाजीकाकांनी बशी बाजूला ठेवली, कारण आता दोन्ही हात लागणार होते. "चिंचणीच्या समुद्रावरून जे आलं ते थेट कुंभवलीपर्यंत. इतकं दाट, की वाटेत बिडी पेटवायला देवू थांबला तर त्याने सायकल स्टँडला लावली नाही. नुसती धुक्याला टेकवली."

पडवीच्या पायरीवर बसलेल्या देवूने अंगणातल्या आपल्या सायकलकडे पाहिलं. देवू मूळचा डोंगरातल्या पाड्यावरचा. बॉयलरवर शिवाजीकाकांच्या हाताखाली त्याचे केस पिकले, आता कुंभवलीला लेकाकडे राहतो. आज तो केवळ सुगंधाबाईंना वेलावरच्या काकड्या द्यायला आला होता आणि साक्षीदार होऊन बसला होता.

"पायडल मारतोय, मारतोय, आणि एक दार लागलं. याला वाटलं, आलं सालवड. ते होतं याचंच घर, मागच्या बाजूने. आत मंगळी, याची बायको. धुकं घरातसुद्धा शिरलेलं, कोणाला कोणाचं तोंड दिसेना. हा विचारतो, वयनी, गोळी घेतली का? पाणी पिलाव का? गुडघं हलवलं का? अगं, लग्न झाल्यापासून त्या बाईला कोणी पाणी पिलीस का म्हणून विचारलेलं नाही. तिला वाटलं, कोण हा देवमाणूस. तिने त्याला भाकर वाढली, बाज टाकून दिली. आणि रात्रभर स्वतःच्या बायकोवर पहारा देऊन हा सकाळी घरी जायला निघाला, तो इथे येऊन पोचला."

प्रियदर्शिनीला हसायचं नव्हतं. ती साडीच्या काठावरून उगाच बोट फिरवत राहिली.

"देवूकाका, खरं का हे?"

देवूने डोक्यावरची टोपी काढली, तिच्या आत पाहिलं आणि पुन्हा घातली. शिवाजीकाका त्याच्याकडे बघत नव्हते. फार काळजीपूर्वक बघत नव्हते.

"धुकं व्हता," देवू म्हणाला.

"ऐकलंस? आणि कालचं तर त्याहून वर."

"काल पण?" प्रियदर्शिनीचा हात थांबला. कालचं तिने विचारलंच नव्हतं.

शिवाजीकाकांच्या ते लक्षात आलं, पण उतारावर लागलेली गाडी होती. "काल धुकं नव्हतं, म्हणून हा खुशीत निघाला. वाटेत पाड्यावर नाच. तारपा लागलेला, पोरंपोरी हातात हात धरून फेर धरतायत. आता तारप्याचा कायदा असा, की वाजवणारा थांबला तरच नाच थांबतो, मधे हात सोडायचा नाही. एका बाईने याला ओढला फेरात. आणि वाजवणारा कोण, तर आधी फुग्यांच्या कारखान्यात फुगे तपासायला होता. त्याचा दम संपेचना. शेवटी कोंबडा आरवला, कोंबड्याचा दम संपला, पण हा वाजवतोच आहे."

"देवूकाका, नाच?"

"नाच तं असतो," देवू विचार करून म्हणाला. "या दिवसांत असतो."

आता मात्र तिला आवरलं नाही. ती पलंगाच्या कडेवर बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तिचं हसणं थेट आईचं होतं. शिवाजीकाकांनी समाधानाने बशी पुन्हा हातात घेतली आणि देवूला डोळा मारला. देवूने तो डोळा स्वीकारला नाही.

हसू ओसरल्यावर प्रियदर्शिनीने ओढणीने डोळे पुसले आणि पुढची साडी उचलली.

"काका, मी रागावलेली नाही. तुम्ही थांबलात म्हणून बरं झालं. पण जरा बघा, तुम्हीच काय सांगितलंत ते. एक दिवस धुकं, एक दिवस नाच. उद्या तुम्हाला ताप येईल. गंमत सोडली तर दोन रात्री लागोपाठ माणूस आला नाही, एवढंच उरतं ना?"

"तसं नव्हे," शिवाजीकाका म्हणाले.

"मग कसं?"

बशीतला चहा निवत होता.

"म्हणजे निघतो तो वेळेवर," ते म्हणाले. "पोचायचं तेवढं राहतं."

"तेच तर."

साडी बॅगेत गेली. तिच्यावर स्वेटर गेला, बाबांचा चौकटीतला फोटो टॉवेलात गुंडाळून गेला. पायरीवर देवूच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. साऱ्या नोकरीत त्याने कधी कोणाला खोळंबून ठेवलं नव्हतं. पावसाने रस्ता बुडाला तेव्हाही डोक्यावर सायकल घेऊन तो हजर झाला होता, आणि शिवाजीकाका त्याच्याबद्दल सांगत त्यातली ही एकच गोष्ट खरी होती. तो उठून उभा राहिला.

"ताई," तो म्हणाला, "माजा आयक—"

शिवाजीकाका खोकले. साधाच खोकला, पण वर्षानुवर्षं त्या खोकल्यावर देवूने व्हॉल्व उघडले होते आणि बंद केले होते. तो घुटमळला आणि परत बसला. आता शिवाजीकाका त्याच्याकडे पाहत होते, आणि त्या पाहण्यात हुकूम नव्हता. गयावया होती.

"आईला करमेल तिकडे," प्रियदर्शिनी बॅगेकडे बघतच म्हणाली. हे ती कोणाला सांगत होती, कळायला मार्ग नव्हता. "लिफ्ट आहे. खाली बाग आहे. बागेत बायका येतात."

"पत्ते खेळतात का त्या?" शिवाजीकाकांनी विचारलं.

"शिकतील."

"लबाडी केलेली चालेल का त्यांना?"

बॅगेची चेन एका कोपऱ्यापर्यंत सरकली आणि तिथे अडकली. ती ओढू लागली. शिवाजीकाका एकदम उठले, जणू मदतीला, आणि उठल्यावर नुसतेच उभे राहिले. उभे राहिल्यावर ते एवढेसे दिसत. गोष्ट सांगताना माणूस केवढा असतो.

वालाचा टप् टप् आवाज कधीचा थांबला होता. सुगंधाबाई दारात आल्या. हातांना सालं चिकटलेली होती, ती त्यांनी सावकाश एकेक करून काढली. त्यांनी लेकीकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं, पायरीवरच्या लाल कानांकडे पाहिलं.

"भावजी, आणखी काही गोष्ट राहिलीय का सांगायची?"

"नाही, वहिनी."

"रेल्वे फाटकावर हत्ती वगैरे?"

"हत्ती नको," शिवाजीकाका जमिनीकडे बघत म्हणाले. "तो लगेच पकडला जातो."

"मग बसा गप्प." त्या पलंगाशी आल्या, चेनवरचा लेकीचा हात बाजूला केला आणि टॉवेलात गुंडाळलेला फोटो बाहेर काढून खुंटीला अडकवला. तो सरळ आहे की नाही हे बघायला जरा मागे सरकल्या. पाठ खोलीकडेच होती, आणि आवाज चार्ज देताना असावा तसा, सरळ.

"उगाच त्या देवूचं नाव खराब होतंय म्हणून बोलते. खोटं आहे हे सगळं. देवू आला होता, परवाही आला आणि कालही आला, दोन्ही वेळा वेळेवर. सायकल लावली, पाय धुतले, आणि भावजींनी त्याला पायरीवरूनच परत पाठवला, की आज मी आहे, तू घरी जा. मी जागी होते, दोन्ही रात्री, आणि भावजींना जा म्हणाले नाही."