गाठीतलं जॅकेट

मंगळवारी सकाळी जिलानीने जुन्या कपड्यांची नवी गाठ फोडली, तेव्हा लझहर सगळ्यांच्या पुढे उभा होता. आइन द्राहम या डोंगरातल्या गावच्या बाजारात ही गोष्ट कुणाच्या नजरेतून सुटणार नव्हती. तीस वर्षं वनरक्षक म्हणून काढलेला, त्रेसष्ट वर्षांचा हा माणूस कपड्यांच्या ढिगाकडे कधी फिरकला नव्हता. ऑक्टोबरचं धुकं उतरलं की तो आपला तपकिरी कशाबिया, म्हणजे टोपी जोडलेला लोकरीचा पायघोळ झगा, अंगावर चढवायचा, त्याची टोपी डोक्यावर ओढायचा, आणि एप्रिलमध्ये काढायचा. त्यातच रान, त्यातच मशीद, त्यातच चहा. बायको मबारकाने तो पोराच्या जन्माच्या वर्षी घरच्या लोकरीतून विणला होता, आणि अजून त्याचा टाका उसवला नव्हता.

"काका, वाट चुकलात का?" जिलानी म्हणाला. "जंगल तिकडे आहे."

"तू तुझी गाठ सोड."

गाठ सुटली, आणि इटलीतल्या लोकांनी नको म्हणून टाकलेले कपडे टेबलावर भसाभस सांडले. बायका, पुरुष, सगळे तुटून पडले. लझहरनेही हात घातला. त्याला एकच वस्तू हवी होती, पण ती तीन ठिकाणी चालायला हवी होती. पोरगा ती घालून रानात गेला पाहिजे, कॅफेत बसला पाहिजे, आणि सोमवारी वनखात्याच्या रोपवाटिकेच्या साहेबांपुढे नोकरीसाठी उभा राहिला पाहिजे. नायलॉनचं एक निळं हाती आलं, ते त्याने लगेच टाकलं. चालताना सळसळणारं कापड घालून रानात जाणाऱ्याला डुकरं तर सोडाच, चिमणीसुद्धा जवळ करत नाही. काळं होतं ते मयताला जायच्या लायकीचं. खाकी घातलं असतं तर लोकांना वाटलं असतं, पोलीस आला. मग खालून एक हिरवट, जाड, कॉलरवालं जॅकेट वर आलं. बाहेर चार मोठे खिसे, कोपरांवर कातड्याचे तुकडे. लझहरने ते धरलं, आणि त्याच क्षणी दुसरी बाही कुणीतरी धरली.

कॅफेवाला मोंगी. लझहरच्या बरोबरीचा, शाळेत एका बाकावर बसलेला, आणि अख्ख्या डोंगरात जिभेला हाड नसलेला.

"सोड रे," मोंगी म्हणाला. "तुला कशाला? तुझ्या अंगावर घोंगडं शिवलेलंच आहे."

"मला हवंय."

"तुला?" मोंगीने बाही सोडली आणि दोन पावलं मागे सरून त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "घालून दाखव बरं."

लझहरने कशाबियावरूनच ते घातलं. बाह्या बोटांच्या पुढे गेल्या. आजूबाजूच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

"नाकापेक्षा मोती जड," मोंगी म्हणाला. "शिवाय काखेत अस्तर फाटलंय, मघाच बघितलं मी. घे बाबा, घे. कुणासाठी आहे खरं सांग."

"माझ्यासाठी म्हटलं ना एकदा!" लझहर ओरडला, आणि घासाघीस न करता पैसे देऊन चालता झाला. गाठ फुटल्याच्या पहिल्या दिवशी, भाव सगळ्यात चढा असताना, मागितली ती किंमत देणारा माणूस एकतर खुळा असतो नाहीतर काहीतरी लपवत असतो, हे जिलानीलाही कळलं आणि मोंगीलाही.

लपवण्यासारखं होतंच. शुक्रवारी वजदी येणार होता. नऊ वर्षांनी. एकोणिसाव्या वर्षी चोरून होडीत बसून इटलीला गेलेला पोरगा आता कागदपत्रं हातात घेऊन मोठ्या जहाजाने परत येत होता, ही खरं तर नवस फेडायची गोष्ट. पण त्याने फोनवर सांगितलं होतं, "बाबा, तिकडचं काम संपलं. गाडी वगैरे नाही. एक बॅग आहे." आणि इकडे रीत अशी, की इटलीहून येणारा गाडी घेऊन येतो, टपावर सामान बांधून, मोंगीच्या कॅफेसमोर हॉर्न वाजवतो आणि सगळ्यांना कॉफी पाजतो. गेल्या साली वरच्या वस्तीतला एक पोरगा मिनीबसमधून रिकाम्या हाताने उतरला. मोंगीने त्याला बघून सहज विचारलं, "काय रे, समुद्रात आंघोळ करून आलास का?" सगळे हसले. त्या दिवसापासून त्याचं नावच 'आंघोळ्या' पडलं. महिन्याभरात तो पोरगा पुन्हा होडीत बसला. त्याचा फोन अजून आलेला नाही.

म्हणून लझहरला ते जॅकेट हवं होतं. इटलीचं कापड, इटलीचा शिक्का. झाकली मूठ सव्वा लाखाची. पोरगा अंगावर काहीतरी चांगलं घालून आला, तर मोंगीच्या तोंडाला कुलूप लागेल, आणि वजदी राहील. फक्त एक गोष्ट त्याच्या डोक्यात शिरली नव्हती. ते जॅकेट मोंगीनेच हातात धरलं होतं.

ती घरी मबारकाने शिरवली.

"अहो, अख्ख्या गावाने बघितलेलं जॅकेट घालून तुम्ही पोराला इटलीहून आणणार?"

लझहर चुलीपाशी बसला होता तो उठला. मग बसला. मग पुन्हा उठला.

"दुसरं आणतो."

"आणा. तेही बघतील."

बुधवारी तो बाजारात दोनदा जाऊन रिकामा आला. गुरुवारी जॅकेट दाराच्या खुंटीला टांगून त्याने ते खालून, वरून, बाजूने बघितलं. माप बरोबर आहे का? फोनवर पोराचा फक्त चेहरा दिसायचा. गेला तेव्हा खांदे रुंद होते, दारातून तिरका व्हायचा. आता अठ्ठावीसचा, म्हणजे अजून भरला असेल. की नसेल? ज्या पोराला अंगाखांद्यावर वाढवलं त्याचं माप आपल्याला माहीत नाही, या विचाराने त्याला इतकी लाज वाटली की तो अंगणात जाऊन उगाच लाकडं फोडत बसला. पुढच्या सालापर्यंत पुरतील एवढी फोडली.

"उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग," मबारका आतून म्हणाली, पण तिच्याही तव्यावरची भाकरी करपली होती.

शुक्रवारी त्याने पोराला फोनवर बजावलं, गावात उतरू नकोस, खाली झऱ्याच्या वळणावर उतर, मी येतो. दुपारपासून तो तिथे येरझारा घालत होता. बुचाची साल देणाऱ्या ओक वृक्षांतून धुकं खाली येत होतं. एक मिनीबस गेली, थांबली नाही. दुसरी गेली. तिसरी थांबली, आणि तिच्यातून एक वाळकुडा माणूस उतरला. अंगावर पातळ नायलॉनचा कोट, हातात एक बॅग. लझहर त्याच्यामागून आणखी कोण उतरतंय ते बघत राहिला.

"बाबा," तो वाळकुडा माणूस म्हणाला.

लझहरने त्याला मिठी मारली आणि हाताला पाठीची हाडं लागली. त्याने पिशवीतून जॅकेट काढलं आणि पोराच्या पुढे धरलं.

"हे घाल. म्हणजे, गार आहे ना. इटलीचंच आहे."

वजदीने ते हातात घेतलं. कॉलर उलटली, चेन एकदा वरखाली केली, मग सरळ काखेत हात घालून अस्तर चाचपलं. तीन हालचाली, श्वासाइतक्या सरावाच्या. लझहर बघत राहिला.

"दुसरी प्रत," वजदी म्हणाला.

"काय?"

"अस्तर फाटलेलं दुसऱ्या प्रतीत जातं, बाबा. चांगलं असेल ते तिकडच्याच दुकानात. फाटलेलं गाठीत, आपल्याकडे." तो झऱ्याच्या कठड्यावर बसला. "मी तुम्हाला सांगितलं होतं ना, कपड्यांच्या कंपनीत आहे. हीच कंपनी. नऊ वर्षं एका गोदामात उभा राहून हे ढीग निवडले. हे इकडे, ते तिकडे. कदाचित हेही माझ्याच हातून गेलं असेल."

लझहर तीन दिवस जे शिवत होता ते सगळं उसवलं. त्याने कॅफेत छाती फुगवून सांगितलं होतं, माझा पोरगा मोठ्या कपड्यांच्या कंपनीत आहे. मोंगीने विचारलं होतं, साहेब आहे का? आणि तो म्हणाला होता, जवळजवळ. आता त्याला राग आला, पण कुणाचा ते कळेना.

"मग घालू नकोस," तो म्हणाला. "अंधार पडल्यावर मागच्या वाटेने घरी जाऊ. कुणी बघणार नाही."

"आणि उद्या? परवा?" वजदीचे दात वाजत होते. "लपूनच राहायचं असेल तर तिकडे काय वाईट होतं?"

लझहरने अंगातला कशाबिया डोक्यावरून ओढून काढला आणि पोराच्या डोक्यावरून खाली सोडला. कशाबियाला माप नसतं. त्यात वजदीची हाडं, नायलॉनचा कोट, नऊ वर्षं, सगळं झाकलं गेलं. वजदीने टोपीच्या काठाला नाक लावलं. धूर, मेंढी, आईच्या चुलीचा वास. तो रडायला लागला, आणि लपवायचा प्रयत्न त्याने केला नाही.

"एवढे ढीग उपसले बाबा," तो म्हणाला, "असलं काही कुणी टाकलेलं कधी हाताला लागलं नाही. सोमवारी साहेबांकडे मी यातच जाईन."

लझहर नुसत्या सदऱ्यावर कुडकुडत होता. शेवटी त्याने ते हिरवं जॅकेट स्वतःच चढवलं, आणि दोघे चढाच्या रस्त्याने सरळ गावात आले.

कॅफेतल्या गप्पा थांबल्या. मोंगी दारात कॉफीचा पेला घेऊन उभा होता. त्याने रस्त्याकडे बघितलं. गाडी नव्हती. वजदीकडे बघितलं, त्या गळ्याच्या वर आलेल्या शिरा, ते बसलेले गाल. मग लझहरकडे बघितलं. त्याच्या बाह्या बोटांच्या पुढे लोंबत होत्या. सगळी मंडळी मोंगीच्या तोंडाकडे बघत होती, कारण पोराचं नाव तिथेच पडणार होतं.

मोंगीने पेला खाली ठेवला. वरच्या वस्तीतल्या त्या पोराची आई रोज सकाळी कॅफेसमोरून जाते आणि मोंगीकडे बघतसुद्धा नाही, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं.

"म्हणजे खरंच स्वतःसाठी घेतलं होतंस की रे," तो म्हणाला. "आणि मी तुला खोटारडा म्हणत फिरतोय."

"म्हटलं नव्हतं का," लझहर म्हणाला.

"बसा दोघं. आज कॉफी मी पाजणार." मोंगी पुढे आला, त्याने लझहरचा हात धरला आणि लोंबणारी बाही मनगटापर्यंत दोनदा नीट दुमडली.

लझहरने दुसरा हात पुढे केला.